कार्ड आहे, मग चष्म्याला पैसे का?

"पाच लाखांचं कार्ड काढलंय. मग पोरीच्या चष्म्याला खिशातून पैसे का?" नेत्रविभागात समुपदेशनाला बसते तेव्हा हा प्रश्न हटकून येतो. विचारणाऱ्याच्या आवाजात चीड असते, आणि ती रास्तच आहे. पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, पण हजाराचा चष्मा नाही, हे कुणाला पटेल?

गेल्या पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीची आई अशीच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मुलगी शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. दुकानात मशीनवर नंबर काढून चौदाशे रुपये सांगितले. आई कार्ड घेऊन एका दवाखान्यात गेली, तर खिडकीवर उत्तर मिळालं, "यात चष्मा बसत नाही." मग कशात बसतो, ते कुणी सांगितलं नाही. तशीच दिवाळीपर्यंत थांबणार होती.

मी म्हटलं, "ताई, कार्ड बरोबर आहे, पण ते या कामाचं नाही." महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी, शस्त्रक्रियांसाठी आहेत. शाळकरी मुलांच्या मोफत चष्म्याची तरतूद १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात आहे. मुलं हुडकायचं काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक करतं. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय-अनुदानित शाळांत एकदा येतं, असा नियम आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांत ते जात नाही. तिथल्या पालकांनी वाट न बघता मुलाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावं.

"शाळेत डॉक्टर आले होते का?" आईला आठवेना. तिची प्लास्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. रेशनकार्ड, आधार, लाइटबिल, आणि बिलाच्या घडीत चौपदरी कागद. पथकानं दिलेली संदर्भ चिठ्ठी! "दृष्टिदोष, ग्रामीण रुग्णालयात पाठवावे." मुलीनं घरी आणून दिली होती, घरात कुणी वाचली नव्हती. अशा चिठ्ठ्या मी दप्तरांच्या तळाशीही पाहिल्यात.

ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारलं आणि तिला त्या दिवशी पाठवलं. तिथे थेंब घालून तपासल्यावर नंबर दुकानातल्यापेक्षा कमी निघाला. यात नवल नाही. जवळचं बघायला डोळा जोर लावतो आणि मुलांचा हा जोर फार असतो. थेंबांनी तो सैल पडतो, तेव्हा खरा नंबर कळतो. म्हणून मुलांचा चष्मा नुसत्या मशीनच्या चिठ्ठीवर करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पैशांचा गुंता सुटला, पण आईच्या मनातलं खरं ओझं दुसऱ्या भेटीत बाहेर आलं. "सासूबाई म्हणतात, एकदा लागला की नंबर वाढतच जातो. पोरीची जात, पुढं कसं व्हायचं?" मी सासूबाईंनाच बोलावून घेतलं. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबतो म्हणून नंबर वाढतो. चष्मा घातल्यानं वाढत नाही, न घातल्यानं थांबत नाही. "आजी, तुम्ही स्वतः चष्मा लावून पोथी वाचता ना?" त्या हसल्या. पटलं की नाही, ठाऊक नाही; पण "घाल बाई," एवढं म्हणाल्या.

मोफत चष्मा हाती यायला वेळ लागतो आणि फ्रेममध्ये फार निवड नसते. जी असेल ती मुलीला स्वतः निवडू द्या. मनाविरुद्धची फ्रेम दप्तरातच राहते. परीक्षा तोंडावर असेल, तर सरकारी नंबराची चिठ्ठी घेऊन दुकानात साधी प्लास्टिकची काच मागा. त्या चौदाशेंत 'ब्लू कट'चा, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेचा, बराच वाटा होता. मुलांना त्याची गरज नसते.

निघताना आईनं विचारलं, "हा फुटला तर दुसरा फुकट मिळेल?" त्यावर विसंबू नका, असं सांगितलं. नंबराची चिठ्ठी जपून ठेवायची, वर्षाच्या आत पुन्हा तपासायचं. आणि पाच वर्षांच्या धाकट्यालाही आणायचं, कारण एका डोळ्यानं कमी दिसत असेल तर मूल तक्रार करत नाही, आणि तो आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर सुधारायला सोपा जातो.