कॅनडातल्या उत्तर अल्बर्टात खणलेल्या जागेवर तिथलीच मूळची झाडं लावायचीत, पण बी उगवतच नाहीये. काय चुकतंय?

मी एडमंटनजवळ एका नर्सरीत तीन सीझन काम केलंय, ऑइल सँड्सच्या (तेलमिश्रित वाळूच्या) खाणींच्या जागेवर लावायची रोपं करायचो. तुमचं "मे मध्ये पेरलं, ऑगस्ट आला तरी एक कोंब नाही" वाचून हसू आलं, कारण माझंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं. बी खराब नाहीये हो, उगवण्याआधी लागणारी हिवाळ्याची थंडी त्याला मिळालेली नाही.

मटकी रात्रभर भिजवली, फडक्यात बांधली की मोड, तसं इथल्या बऱ्याच झाडांचं नसतं. ओलसर वाळूत बी कालवून झिपलॉकमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवायचं, स्प्रूसला (सुईसारख्या पानांचं झाड) तीनेक आठवडे पुरतात, बऱ्याच झुडपांना दोन-तीन महिने लागतात आणि रानगुलाब तर कधीकधी दोन हिवाळे खातो. बफेलोबेरी या इथल्या झुडपाच्या बियांचं कवच आधी सँडपेपरवर घासावं लागतं. एवढा कुटाणा नको असेल तर जमीन गोठायच्या आधी, ऑक्टोबरात पेरून मोकळे व्हा, बाकीचं काम हिवाळाच करतो. विलोचं (वाळुंजाच्या जातीचं झाड) उलटं, त्याचं बी काही आठवड्यांतच मरतं, म्हणून मार्चमध्ये पालवीच्या आधी बोटाएवढ्या जाड काड्या कापून बर्फात गाडून ठेवायच्या आणि मे मध्ये ओलीच्या जागी खोल खोचायच्या. बाल्सम पॉप्लर हे झाडही असंच काडीने लागतं. अ‍ॅस्पेन हे पॉप्लरच्याच जातीचं, पण काडीने लागत नाही, मी चाळीस काड्या वाया घालवून शिकलो.

पण बी नंतर, आधी माती! कॉन्ट्रॅक्टरने वरचा थर कुठे टाकलाय बघा. जंगलातल्या वरच्या वीतभर मातीत बी आणि जिवंत मुळं दोन्ही असतात, ताजी पसरली तर अर्धं काम आपोआप होतं, ढीग करून वर्षभर ठेवली तर त्यातलं बहुतेक मरतं. मशीन फिरून जमीन दगडासारखी झाली असेल तर खोदाई मशीनच्या बकेटच्या दातांनी उकरून घ्या, आणि जागा "स्वच्छ" करू नका, ओंडके-फांद्या पडू देत, त्यांच्या आडोशाला बर्फ साचतो, ओल टिकते. लॉनचं गवत आणि खत तर अजिबात नको, खत गवतच खातं आणि रोपं त्याखाली गुदमरतात. फायरवीड हे गुलाबी-जांभळ्या फुलांचं रोप उगवलं तर तण म्हणून उपटू नका, ते इथलंच आहे, नेहमी पहिलं येतं.

रोपं सप्टेंबरच्या शेवटी लावू नका. मी लावली होती, एप्रिलमध्ये बघतो तर मातीतल्या बर्फाने निम्मी रोपं मुळासकट वर ढकलून दिलेली, हलणाऱ्या दातासारखी. जूनमध्ये लावा, टाचेने घट्ट दाबा.

आणि घाई नको. सिंक्रूड या ऑइल सँड्स कंपनीच्या गेटवे हिल या खाणीच्या जागेवर 1980च्या दशकात लागवड सुरू झाली, त्या 104 हेक्टरला जमीन पूर्ववत झाल्याचं सरकारी सर्टिफिकेट मिळालं 2008 मध्ये. त्यातही ते टेकडीवरचं कोरडं जंगल आहे, दलदल परत आणणं त्याहून कितीतरी अवघड.

तुमची जागा चिकणमातीची आहे की पीटची (दलदलीतली अर्धवट कुजलेल्या शेवाळ-पाल्याची माती), आणि ऊन किती, ते कमेंटमध्ये टाका, मग कुठली झाडं घ्यायची ते सांगतो.