आपण बघतोय हे कणाला कळतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. निरीक्षण केलं की कणाचं वागणं बदलतं, म्हणजे विश्व आपल्या मनामुळे घडतं का? आणि कोणीच बघत नसेल तेव्हा चंद्र असतो का? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो.

मी प्राध्यापक वगैरे नाही. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये 31 वर्षं काढली. हातात कायम बारीक जाडी मोजायचा मायक्रोमीटर. वाचनाचा नाद लागला तो नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयामुळे, आणि पुंजभौतिकीवरची (क्वांटम फिजिक्सवरची) सोपी पुस्तकं वाचता वाचता माझाही तुमच्यासारखाच गोंधळ झाला होता.

घोळ शब्दात आहे. 'ऑब्झर्व्हर'चा मराठीत 'निरीक्षक' झाला, आणि निरीक्षकाचा 'साक्षी' व्हायला आपल्याकडे एक पान पुरतं. गोदाकाठी एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते दोन फटींच्या प्रयोगापासून निघाले ते वीस मिनिटांत ब्रह्मापाशी पोचले. टाळ्याही पडल्या. वेदान्ताशी माझं भांडण नाही, पण त्याची साक्ष इलेक्ट्रॉनकडून कशाला काढायची?

आधी घरी करून बघा. मेनरोडवर मिळतो तसला लाल लेझर मी घेतला, त्याच्या तोंडावर नातीचा एक केस उभा ताणून सेलोटेपने चिकटवला आणि दिवे घालवून तीन मीटरवरच्या भिंतीवर उजेड सोडला. (डोळ्यात जाऊ देऊ नका.) वाटलं होतं मधे केसाची सावली पडेल. पडली आडवी माळ: मधे झगझगीत ठिपका, दोन्ही बाजूंना लाल तुकडे, मधे मधे काळोख. एका काळोखापासून पुढच्यापर्यंत पट्टीने मोजलं, 28 मिलिमीटर. लाल उजेडाची तरंगलांबी 650 नॅनोमीटर धरून गणित केलं तर केसाची जाडी 0.07 मिलिमीटर निघाली. मग तोच केस मायक्रोमीटरमध्ये धरला, रॅचेट कटकट वाजेपर्यंत फिरवला. 0.07! त्या रात्री हिला झोपेतून उठवून दाखवलं. तिला फारसं कौतुक वाटलं नाही.

इथपर्यंत उजेड म्हणजे लाट, एवढंच. चमत्कार पुढे आहे. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा यांच्या गटाने 1989 मध्ये एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला, त्याला दोन फटींसारख्या दोन वाटा ठेवल्या. पडद्यावर एकेक ठिपका उमटत गेला, आधी नुसते विखुरलेले, पण हजारो साठल्यावर केसाच्या माळेसारखे पट्टे, म्हणजे लाटेची खूण, दिसायला लागले. आणि इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला हे कळेल अशी सोय केली की पट्टे जातात.

इथे मी बरीच वर्षं चुकलो. रबरी ओ-रिंगला मायक्रोमीटर लावला की ती दबते आणि माप कमी येतं, तसंच काहीतरी असणार, मोजताना कणाला धक्का लागत असणार, असं मला वाटायचं. पण प्रश्न धक्का किती जोराचा हा नसतो. वाटेची खूण बाहेर कुठे उरली का, हा असतो.

व्हिएन्नात झालेला एक प्रयोग यासाठी मला सगळ्यात आवडतो. अँटोन झायलिंगर यांच्या गटाने 1999 मध्ये कार्बनच्या 60 अणूंचे, फुटबॉलसारखे रेणू जाळीतून सोडले, तर त्यांचेही पट्टे पडले. 2004 मध्ये तिथेच 70 अणूंचे रेणू वाटेत लेझरने तापवले. तापलेली तार जशी उजेड टाकते तसा तो रेणूही टाकतो, आणि रेणू कुठे होता याची खूण त्या उजेडाबरोबर बाहेर जाते. जसजसं तापवलं तसतसे पट्टे फिके पडत गेले आणि 3000 केल्विनच्या आसपास पुसलेच गेले. तो उजेड टिपायला तिथे कोणी बसलं नव्हतं. यंत्राच्या भिंतींनी तो गिळला, आणि तेवढं पुरलं. 'निरीक्षण' ते हे. मनाचा संबंध नाही.

आता चंद्र. त्याच्यावर सूर्याचा उजेड आदळत असतो. तो नसता तरी विश्वाच्या बाल्यावस्थेतलं, आज 2.7 केल्विनपर्यंत थंडावलेलं प्रारण सगळीकडे आहेच, दर घनसेंटिमीटरला 400 च्या आसपास फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण. म्हणजे चंद्र कुठे आहे याच्या खुणा क्षणोक्षणी बाहेर जातायत. विश्व 1380 कोटी वर्षांचं, आपण त्यातले अगदी अलीकडचे काही लाख. आपल्या बघण्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही.

पण सगळं सुटलं असंही समजू नका. पट्टे का पुसतात हे यातून कळतं. अनेक शक्यतांपैकी शेवटी एकच निकाल हाती का येतो, यावर जाणकारांत अजून खडाजंगी आहे. पुढे वाचायचं असेल तर 'डिकोहिरन्स' (खुणा बाहेर गेल्याने पट्टे पुसले जाणं) हा शब्द धरून शोधा. 'कॉन्शसनेस' धरून गेलात तर गोदाकाठच्या त्याच व्याख्यानात येऊन बसाल.