हौदावरच्या फांदीला पांढरा फेस लटकलाय, काढावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जांबोटीकडे काजूच्या बागेत सिमेंटचा हौद आहे. मिरगाच्या पावसानंतर त्यावर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा लटकलाय. पाणी खराब होईल म्हणून तो काढावा का? आणि जवळपास पाणी नसलेल्या झुडपांतून रात्रभर टिकटिक कोण करतं?

फेस काढू नका. ते बेडकाचं घरटं आहे. पानं गुंडाळून मधे फेस भरलेला असेल, तर बहुधा मलबारी उडत्या बेडकाचं. हिरवागार, बोटांमधला पडदा केशरी-लाल, आणि तो पडदा ताणून झाडावरून नऊ-दहा मीटर तरंगत जाणारा. फेस हौदाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला असेल तर तो घराभोवती, न्हाणीतही शिरणाऱ्या तपकिरी झाडबेडकाचा असू शकतो. दोन्हीकडे काळजी सारखीच घ्यायची.

मादी अंडी घालताना अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळते. त्यात शंभर-दीडशे फिकट अंडी असतात. बाहेरचा थर वाळून कडक होतो, आत ओल टिकते. पाण्यातले मासे आणि किडे अंड्यांपर्यंत पोचत नाहीत, हा खरा फायदा. साधारण आठवड्यात पिल्लं तयार होतात, आतला फेस पातळ होतो आणि पाऊस आला की ती टपटप खाली पडतात. तिथून पुढं शेपटी जाऊन बेडूक व्हायला दोनेक महिने.

म्हणजे सगळं गणित घरट्याच्या बरोबर खाली पाणी असण्यावर आहे. लोक सर्वात जास्त चुकतात ते इथं: फेस हौदात पडू नये म्हणून फांदी दोरीनं बाजूला ओढून बांधतात. मग पिल्लं जमिनीवर पडून मरतात. मृगात पाऊस पडून नंतर मोठी उघडीप झाली तर घरटं आतूनही सुकतं. त्याला आपला इलाज फारसा नाही. माश्यांच्या अळ्या आणि मुंग्याही घरटी खातात. सगळी जगणार नाहीत, हे धरून चाला.

हौदासाठी एवढं करा. धुवायचा असेल तर मिरगाच्या आधी धुवा. नंतर दोन-तीन महिने ब्लीचिंग पावडर टाकू नका, क्लोरीननं पिल्लं मरतात. शेजारी सुपारी असेल आणि कोळेरोगासाठी मोरचूद-चुन्याची फवारणी होणार असेल, तर त्या दिवशी हौद झाका. तांबं पिल्लांना विषारी असतं. ओसंडून जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत पिल्लं वाहून जातात. हौदात डासांसाठी मासे सोडले असतील तर मात्र आशा कमी. गॅम्बुसिया पिल्लांच्या शेपट्या कुरतडतो. बेडकाची पिल्लं डास संपवतील असंही समजू नका, ती बहुतेक शेवाळ खरवडतात.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. पुढचे पाय फुटले की पिल्लाला पाण्याबाहेर यावं लागतं. झाडबेडूक बोटांच्या चकत्यांनी भिंत चढतात, पण त्याच हौदात पडलेले शेतातले बेडूक गुळगुळीत सिमेंटवर चढू शकत नाहीत आणि दमून बुडतात. एक खडबडीत फांदी तिरकी टाकून ठेवा, दोघांचंही काम होतं. पाणी पिण्यासाठी वापरत असाल तर गाळून उकळा, पावसाळ्यात ते एरवीही करायलाच हवं.

पिल्लं दुसऱ्या ओढ्यात नेऊन सोडू नका. बेडकांच्या कातडीला लागणारी बुरशी सह्याद्रीत सापडली आहे आणि ती पाण्याबरोबर पसरते. तुमची जागा भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर घरट्याला हातच लावू नका.

पाण्यावर अंडी ठेवण्याची ही युक्ती आपल्याकडच्या इतर बेडकांनाही जमली आहे. 2005 साली शास्त्राला कळलेला कॅसलरॉकचा रातबेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर, खडकांवर अंडी घालतो आणि नर जवळ थांबतो.

आता टिकटिक. ते बहुधा झुडूपबेडूक. नखाएवढे असतात, आवाज मात्र अंगणभर. त्यांना तळं-ओढा लागतच नाही: अंडी ओल्या मातीत, पाचोळ्यात घालतात आणि शेपटीवाल्या पिल्लाची अवस्था अंड्याच्या आतच उरकते. बाहेर पडतो तो थेट इवलासा बेडूक. अंबोलीच्या नावाचा असा एक बेडूक 2009 साली नोंदला गेला. त्यांना ओलसर पाचोळा हवा, म्हणून काजूखालची सफाई सप्टेंबर संपल्यावर करा. गवत कापण्याचं यंत्र आधी चालवावंच लागलं तर झुडपांच्या बुडाशी हातभर पट्टा सोडा.