आधी मुक्कामाच्या रात्री मोजा, मग व्हिसा ठरवा

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दोघं रिटायर्ड, बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगी म्युनिकला आहे, मे महिन्यात जायचं ठरतंय. 18 रात्री तिच्याकडे, 3 स्वित्झर्लंड, 4 पॅरिस, आणि मधेच 5 दिवस लंडनला भाच्याकडे, मग परत म्युनिकला येऊन तिथूनच घरी. एजंट म्हणतो जर्मनीची अपॉइंटमेंट नाही मिळत, फ्रान्सची लगेच मिळतेय, पॅरिसच्या रात्री जास्त दाखवू, थई जशे (होऊन जाईल). करावं का? आणि लंडन त्याच व्हिसात होतं का?

उत्तर : काका-काकू, नका करू असं, अगदी मनापासून सांगते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं त्यांचा, नियम साधा आहे, ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज, आणि रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी पाय ठेवणार त्याच्याकडे. तुमच्या 18 रात्री म्युनिकच्या, म्हणजे अर्ज जर्मनीचाच. पॅरिसचं खोटं हॉटेल दाखवून व्हिसा मिळाला तरी एअरपोर्टवर ऑफिसर विचारू शकतो, कुठे राहणार, बुकिंग दाखवा, आणि तिथे तुम्ही दोघं एकटे असणार, एजंट नाही. व्हिसा हातात असला तरी आत सोडायचं की नाही हे शेवटी तोच ठरवतो.

अपॉइंटमेंटचं म्हणाल तर अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात पण कधीकधी 45 पर्यंत जातं, म्हणून मे मध्ये जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच स्लॉट बघायला लागा. बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला व्हिसा अर्जाच्या सेंटरवर दोघांनाही स्वतः जावं लागेल, आणि एकदा दिले की 59 महिने तेच चालतात. फी 90 युरो माणशी, वर सेंटरचा चार्ज. व्हिसा नाही मिळाला तर फी परत येत नाही.

आता लंडन. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो (स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, तिथे तुमचा जर्मन व्हिसा चालतो). आणि इथेच बरेच जण फसतात. तुम्ही म्युनिकहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत म्युनिकला यायचं तर दुसरी एंट्री लागते, आणि व्हिसावर एकच एंट्री छापलेली असेल तर विमानातच चढू देणार नाहीत. यावर दोन उपाय, एक तर अर्जातच दोन एंट्री मागा आणि लंडनची तिकिटं जोडा. किंवा, मला विचाराल तर हेच करा, प्लॅन फिरवा. इथून आधी लंडन, मग पॅरिस, मग स्वित्झर्लंड, शेवटी मुलीकडे, आणि म्युनिकहून घरी. एका एंट्रीत सगळं बसतं, आणि फिरून थकल्यावर शेवटचे 18 दिवस मुलीच्या घरी आराम. पहिली एंट्री पॅरिसला झाली म्हणून काही बिघडत नाही, व्हिसा देणाऱ्या देशातच उतरायला पाहिजे असं नाही, मुक्काम तिथे जास्त हवा इतकंच. पासपोर्ट एकच असतो त्यामुळे दोन्ही अर्ज एकदम टाकू नका, एकाचा निकाल लागून पासपोर्ट हातात आला की दुसरा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त बँक स्टेटमेंट बघतात. माझ्या मामीच्या वेळी मुलाने प्रेमाने आठवडाभर आधी खात्यात 4 लाख टाकले, आणि अर्ज नाकारला गेला, कारण एवढे पैसे अचानक कुठून आले त्याचा एकही कागद नव्हता. पुढच्या वेळी नुसतं पेन्शनचं खातं, पेन्शनचा कागद, एफडीच्या पावत्या आणि मुलाचं पत्र लावलं, झालं. तुमची मुलगी खर्च करणार असेल तर तिला म्युनिकच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसमधून रीतसर हमीपत्र काढायला सांगा, साध्या पत्रापेक्षा त्याला वजन जास्त.

इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, लंडनच्या दिवसांचा त्यात आहे का ते बघून घ्या. बीपी-शुगर असेल तर पॉलिसीत लिहवून घ्या, लपवू नका.

आणि शेंगेनमध्ये जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, ते म्हणजे तीन महिने असं धरू नका, कोणत्याही 180 दिवसांत 90, जायचा आणि यायचा दिवस दोन्ही मोजतात. ऑक्टोबर 2025 पासून हे तिथे कॉम्प्युटरवर नोंदवायला सुरुवात झालीय, पूर्वीसारखं शिक्क्यांवर राहिलेलं नाही.

प्रश्न : ताई, आम्ही तीन मैत्रिणी पहिल्यांदाच देशाबाहेर जातोय, बाली. तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो म्हणे, भरवसा ठेवायचा का? – अलकापुरी

उत्तर : ठेवा. व्हिसा ऑन अरायव्हल 30 दिवसांचा असतो, 5 लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), आपले अडीच-पावणेतीन हजार होतात, आकडा ऐकून घाबरू नका. तेच ऑनलाइन आधी भरलं तर रांग वाचते, पण सरकारी साइटवरच भरा, पत्त्याच्या शेवटी गो डॉट आयडी असतं, बाकी तशाच दिसणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्ट पोचल्यापासून 6 महिने तरी चालू पाहिजे, परतीचं तिकीट जवळ ठेवा. बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया वेगळा, तो 2024 पासून सुरू झालाय. विमान मधे कुठे बदलायचं असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, सगळं नाव एकाच ओळीत. बँकेत नावापुढे 'बेन' लागलंय, पॅनवर नाही. दुबईला नणंदेकडे जायचंय. – रावपुरा

उत्तर : ताई, हे आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत फार आहे, शाळेत किंवा बँकेत कुणीतरी गुजराती पद्धतीने भाई-बेन जोडून देतं आणि वीस वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दुबईसाठी तर हे आधी नीट करा. नोव्हेंबर 2022 पासून यूएई (दुबई ज्या देशात आहे तो) एकाच नावाच्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा देत नाही, दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालवतात, पण तेवढ्यावर तिकीट काढू नका. नवा पासपोर्ट करून घ्या, आडनाव आडनावाच्या जागी, मग बँकेतलं 'बेन' काढायला अर्ज द्या, पॅन आणि आधार त्याच स्पेलिंगमध्ये आणा. सगळं होईपर्यंत दोन-तीन महिने धरा आणि नणंदेला आधीच सांगून ठेवा.