खोलीचं घनफळ आणि रंगीत ठोकळे : वाचकांचे प्रश्न

इमारतीचं मॉडेल बनवणाऱ्या रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खोल्यांचं घनफळ कसं बघायचं, ही विचारणा दर महिन्याला येते आणि दर वेळी घोळ तोच असतो. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत.

रेव्हिटमध्ये रूम टाकली, प्लॅनमध्ये दिसते, थ्रीडीत दिसत नाही. इन्स्टॉलेशन बिघडलं का? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

नाही. रेव्हिट थ्रीडी व्ह्यूमध्ये रूम, म्हणजे भिंतींमधली मोजायची जागा, दाखवतच नाही. सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा आणि व्हिजिबिलिटी-ग्राफिक्समध्ये रूम्सखालचं 'इंटिरिअर फिल' चालू करा.

शेड्यूलमध्ये, म्हणजे खोल्यांच्या तक्त्यात, व्हॉल्यूमच्या रकान्यात 'नॉट कम्प्युटेड' येतं. (सहकारनगर)

'एरिया अँड व्हॉल्यूम कम्प्युटेशन्स'मध्ये 'एरियाज अँड व्हॉल्यूम्स' निवडा. काम झालं की पुन्हा 'एरियाज ओन्ली' करा, नाहीतर मोठी फाइल रखडते.

मुळशीजवळ कौलारू छताचं घर बांधतो आहोत. हॉल ४ बाय ५ मीटर. आर्किटेक्टच्या ऑफिसातून खोल्यांचे रंगीत ठोकळे आले, त्यांचे माथे सपाट आहेत. एसीवाला म्हणतो, घनफळ कशाला, शंभर चौरस फुटांना एक टन धरा. चालेल ना? (कोथरूड)

दोन्ही चालणार नाही. तुमच्या हॉलला भिंतीपाशी २.४ मीटर आणि मधल्या आढ्याखाली ४.२ मीटर उंची असेल, तर सरासरी ३.३ मीटर आणि घनफळ ६६ घनमीटर. ठोकळ्याचा माथा २.४ मीटरवर सपाट असेल, तर तो ४८ दाखवणार. १८ घनमीटर हवा कागदावरून गायब!

असं होतं, कारण प्रत्येक रूमला वरची मर्यादा असते, म्हणजे 'अपर लिमिट' आणि 'लिमिट ऑफसेट'. छत कितीही उंच असो, घनफळ त्या मर्यादेवर कापलं जातं. ती आढ्याच्या वर न्यायची, मग रूम छताच्या खालच्या उताराला जाऊन टेकते. पण छताचं 'रूम बाउंडिंग', म्हणजे रूमला तिथे अडवणारी सेटिंग, बंद असेल, तर रूम कौलं फोडून मर्यादेपर्यंत वर जाते आणि आकडा फुगतो. छत लिंक केलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये असेल, तर त्या लिंकचंही 'रूम बाउंडिंग' चालू करावं लागतं. हे बहुतेक सगळे विसरतात.

याहून मला खटकतात ते ठोकळेच. रेव्हिट थ्रीडीत रूम दाखवत नाही, म्हणून डायनॅमोसारख्या, स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाने रूमचा आकार घेऊन वेगळा ठोकळा बनवतात. त्यानंतर तुम्ही छताचा उतार बदललात, तरी स्क्रिप्ट पुन्हा चालवेपर्यंत ठोकळा जुनाच राहतो. क्लायंटला मात्र तो ताजा वाटतो, कारण रंग छान असतात. ठोकळ्यांचं चित्र पुरावा म्हणून घेऊ नका. त्याच खोलीचं सेक्शन आणि शेड्यूलमधला आकडा, एकाच तारखेचे, मागून घ्या.

आता 'शंभर फुटांना एक टन'. हा हिशेब दुकानाच्या सोयीचा आहे. कौलांवरचं ऊन, पश्चिमेची काच, खोलीतली माणसं, फटींतून येणारी हवा, यातलं काहीच त्यात नाही. नुसत्या घनफळावरूनही एसी ठरत नाही. एचव्हीएसी (वातानुकूलन) सल्लागाराकडून हीट लोड, म्हणजे खोलीतून किती उष्णता काढायची तो हिशेब, काढून घ्या आणि तोही छताचं काम सुरू होण्याआधी. भिंतीतून तांब्याचे पाइप गेल्यावर मला मेल करून उपयोग नाही.

रूम व्हॉल्यूम दाखवणारं प्लग-इन घ्यावं का? डेमो फार सुंदर होता. (बाणेर)

डेमोतली खोली चौकोनी होती ना? तुमची उतरत्या छताची फाइल त्यांच्यासमोर उघडायला लावा. डायनॅमो रेव्हिटसोबतच येतं, आधी ते वापरून बघा.

फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंग करतो आहोत. डिझायनर म्हणतात, मॉडेलमध्ये घनफळ कमी झालेलं नाही, म्हणजे उंची ठीक आहे. (वाकड)

घनफळ कमी झालं नाही, कारण सीलिंगचं 'रूम बाउंडिंग' बंद असावं. मग वरची पोकळीही खोलीत मोजली जाते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची सांगते, वातानुकूलित खोलीला २.४. ही फरशीपासून सीलिंगपर्यंत टेपने मोजायची असते. काम सुरू करण्याआधी आर्किटेक्टला दाखवा.

आर्किकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झोन (तिथल्या रूम) थ्रीडीत दिसतात म्हणे? (औंध)

दिसतात. थ्रीडीच्या फिल्टरमध्ये झोनवर टिक करा. उतरत्या छताला झोन आपोआप जुळत नाही, तो वेगळा कापावा लागतो.

सबमिशन परवा आहे, रूम आजच टाकतो आहे. काही बीममध्ये घुसताना दिसतात. आधी काय तपासू? (इंटर्न, शिवाजीनगर)

रूम पहिल्या आठवड्यात टाकायच्या असतात. आता निदान प्रत्येक मजल्याचं एक सेक्शन काढा, वरच्या मर्यादा तपासा आणि ऑफिसातल्या सीनिअरला आजच शेजारी बसवा. मेलवर फाइल न पाहता मी याहून पुढे काही सांगणार नाही.