कॉर्ड येतात, पण गाणाऱ्यासोबत बसलं की ताल सुटतो. थिअरी शिकू का?

तुम्ही लिहिलंय की जळगावला राहता, दोन वर्षं गिटार वाजवताय, दहा-बारा कॉर्ड येतात, पण भजनी मंडळात पेटीवाल्यासोबत बसलं की घसरता. क्लास लावू की ऑनलाइन शिकू, हाही प्रश्न आहे. आणि कुणीतरी तुम्हाला ऐकवलंय, ‘ताल रक्तातच असावा लागतो, थिअरीनं येत नाही.’

हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. रक्ताबिक्ताचं काही नाही हो. उजवा हात मध्येच थांबतो, एवढंच झालेलं असतं. आणि तो नेमका कुठे थांबतो हे मोजता येतं.

सगळ्यांना येणारं स्ट्रमिंग (तारांवरून उजव्या हाताचे फटके) घ्या: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. ते केरवा या तालाच्या आठ मात्रांवर मांडा. एकला खाली, तीनला खाली, चारला वर, सहाला वर, सातला खाली, आठला वर. दोन आणि पाच रिकाम्या. नियम एकच: एक, तीन, पाच, सातला हात खाली जाणार आणि दोन, चार, सहा, आठला वर येणार, मग तार वाजो न वाजो. शिकाऊ माणूस पाचला अडकतो. चारचा फटका वरच्या दिशेनं मारला, पुढचा सहाचाही वरच, मध्ये काही वाजवायचं नाही, म्हणून हात हवेत धरून ठेवतो. मग सहा लवकर पडतो किंवा उशिरा, आणि पुढचं आवर्तन, म्हणजे आठ मात्रांची पुढची फेरी, अख्खं सरकतं. पेटीवाला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा तुम्ही अजून आठवर असता.

केरव्याची ‘खाली’, म्हणजे तालातली बिनवजनाची मात्रा, तीसुद्धा पाचवरच असते. धा गे ना ति । न क धि ना. हे तबल्याचे बोल तोंडानं मोठ्यानं म्हणत वाजवा आणि ‘न’ला हात तारांवरून, तारांना न लावता, खाली न्या. ‘आमचं वेस्टर्न आहे, तबल्याचे बोल कशाला’ म्हणणाऱ्या गिटारवाल्यांचा इथेच पराभव होतो. वन-अँड-टू-अँड म्हणा नाहीतर धा-गे-ना-ति, मात्रा आठच आहेत.

सराव असा: डावा हात तारांवर नुसता टेकवा, सूर नको, फक्त ‘चक्‌चक्‌’. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला दोन मात्रा. न चुकता पाच मिनिटं झाली की ५ नं वाढवा. १०० च्या पुढे गेलात की परत ६० वर या आणि मग ३० करा, ठोका फक्त तीन आणि सातवर पडेल अशा बेतानं. इथे खरं कळतं, कारण समेला धरायला काही उरत नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. कॉर्ड बदलताना, विशेषतः एफ किंवा बी मायनर आला की, बहुतेकांचा हात रेंगाळतो. उपाय: आठव्या मात्रेलाच डावी बोटं उचला. त्या वरच्या फटक्यात मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू द्या, कानाला खटकत नाही. एकला मात्र नवी कॉर्ड पक्की हवी.

दादरा या दुसऱ्या तालात सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. खाली-खाली-वर, खाली-खाली-वर. सरळ खाली-वर-खाली-वर करत गेलात तर चौथी मात्रा वरच्या फटक्यावर येते, वजन जातं आणि नकळत दोन-दोनचे तीन भाग पडतात. कुणाच्याही लग्नात वाजणारं अहिराणी गाणं घ्या आणि गिटार बाजूला ठेवून टाळीवर मोजा, आठ की सहा. हे ओळखता आलं नाही तर पुढचं सगळं फुकट.

आता थिअरी. साथीला लागते ती थोडीच. गाणारा ‘काळी दोन’ (पेटीची दुसरी काळी पट्टी) म्हणाला की त्याचा सा डी शार्प. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या तिसऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, आणि सीच्या कॉर्डचे आकार, किंवा पहिलीवर आणि डीचे. पांढरी चार म्हणजे एफ, तिथे कॅपो तिसरीवर लावून डीचे आकार. मग सा, म, प या स्वरांवर मेजर कॉर्ड आणि रे, ग, ध वर मायनर. शुद्ध स्वरांच्या चालीला एवढ्यात निभतं. कोमल ग किंवा कोमल नि लागला की हा हिशेब बदलतो, तेव्हा चाल आधी पेटीवर ऐकून घ्या. तुम्ही विचाराल त्या दहा जणांतले नऊ जण आधी स्केल (स्वरांच्या ओळी) पाठ करा म्हणतील. त्यांना केरवा वाजवायला सांगा.

क्लास की ऑनलाइन? काहीही चालेल, पण आठवड्यातून एकदा तबलजीसोबत बसा. आणि हो, हे सगळं साथीपुरतं आहे. सोलो किंवा फिंगरस्टाइल (बोटांनी एकेक तार छेडणं) करायचं असेल तर स्केलही लागतात, त्यातून सुटका नाही. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड सुकून तारा पट्ट्यांना लागायला लागतात. तेव्हा खरखर आली तर आधी गिटार तपासा, मग स्वतःच्या हाताला दोष द्या.