वार पडेपर्यंत वासराला चीक द्यायचा नाही का?

प्रश्न : ताई, आमची पहिलारू गाय पंधरा दिवसांत विणार आहे. सासूबाई म्हणतात, वार (वासरामागून बाहेर पडणारी झिल्ली) पडल्याशिवाय वासराला कासेला लावायचं नाही. यांना वाटतं, पाय दिसले की वासरू ओढून घ्यावं. नऊ वर्षांच्या लेकीनं तर आत्ताच जुना टॉवेल काढून ठेवलाय, वासराला मीच पुसणार म्हणते. नेमकं काय करू?

उत्तर : आधी सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल, कारण त्यात माझं स्वतःचं एक वासरू गेलंय. गायी पाळायला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. गाय रात्री व्यायली, कालवड झाली, धडधाकट होती. मलाही कुणीतरी हेच सांगितलेलं. वार पडली सकाळी, तोवर दहा तास ती कालवड सड शोधत आईच्या पोटाला ढुशा देत होती आणि मी तिला धरून बसले होते. चौथ्या दिवशी हगवण लागली, सहाव्या दिवशी गेली. तिचं ते ढुशा देणं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गायीच्या पोटात असताना आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं वासरापर्यंत पोचत नाहीत. ती सगळी चिकात, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधात असतात. आणि वासराचं आतडं ती शोषून घेतं तेही पहिले काही तासच. ताकद तासातासाला कमी होत जाते, चोवीस तासांनी दार जवळजवळ बंद. म्हणून पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. वजनाच्या साधारण दहावा भाग, म्हणजे तीस किलोचं वासरू असेल तर पहिल्या सहा तासांत तीन लिटरच्या आसपास. सासूबाईंना हेही सांगा, की वासरू चोखायला लागलं की गायीचं गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदतच होते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना कळवा. ओढायची नाही, तिला वजन बांधायचं नाही.

पहिलारू गाय लाथ मारेल, याची तयारी ठेवा. ती वाईट नसते हो. कास सुजून दगडासारखी झालेली असते, दुखतं तिला. तिच्या खांद्याशी ओळखीच्या माणसानं उभं राहावं, दोन-चार धारा हातानं काढाव्यात आणि मग सड वासराच्या तोंडात द्यावा. तरी जमलं नाही तर चीक काढून कोमट असतानाच बाटलीनं पाजा. वासराची मान वर ताणून घशात ओतू नका, फुप्फुसात जातो.

ओढण्याचं म्हणाल तर, पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं म्हणजे सगळं सरळ चाललंय. हात लावू नका. पाणमोट फुटून तास उलटला आणि काहीच पुढे सरकत नसेल, किंवा एकच पाय किंवा शेपूट दिसलं, तर लगेच डॉक्टर. त्यांचा नंबर आजच गोठ्याच्या दाराशी लिहून ठेवा.

वासरू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा, शिंकतं आणि श्वास सुरू होतो. उलटं टांगू नका, आतडी छातीवर दाबतात. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवायची, नुसती पुसायची नाही. छोट्या वाटीत घेऊन पार बेंबीला वाटी टेकेपर्यंत.

आता लेकीचा टॉवेल. गाय चाटत असेल तर तो घडीतच राहू द्या. त्या खरखरीत जिभेनं वासरू कोरडं होतं, त्याचं रक्त खेळायला लागतं, आणि आईला आपल्या बाळाचा वास कळतो. गाय थकून पडली, चाटायला उठलीच नाही, तर मात्र लेकीला बोलवा आणि दोघींनी मिळून खसाखसा पुसा.

तोवर तिला गोठ्याच्या कोपऱ्यात गप्प बसवा. गाय त्या वेळी तोंड मिटून घशातल्या घशात एक हलका हुंकार काढते, एरवी कधी काढत नाही तसा. तो तिनं ऐकावा असं मला फार वाटतं. वासराचे खूर बघायला सांगा : टोकांना मऊ, पिवळसर, बोटांसारखे लोंबणारे गोंडे असतात, आईच्या पोटात इजा होऊ नये म्हणून. वासरू चालायला लागलं की झिजून जातात, तेव्हा बघायचे तर त्याच दिवशी. ते उठेल, गुडघ्यांवर येईल, पडेल, पुन्हा उठेल. उचलून उभं करायची घाई तुम्ही कुणीच करू नका, मात्र तासाभरात धडपडायलाही लागलं नाही तर डॉक्टरांना सांगा.

दुसऱ्या दिवशी लेकीनं हात स्वच्छ धुऊन बोट पुढे करावं. पोट भरलेलं वासरूसुद्धा ते चोखल्याशिवाय राहत नाही.